डावी झडप

‘ॲन राणीच्या काळचं आहे म्हणून सांगायचं,’ नोआ गिटिन्स म्हणाला. ‘कोण एक भटका लोहार आला, घडवून गेला, नाव माहीत नाही. सव्वादोनशे वर्षं झाली. संपलं.’

‘सव्वादोनशे?’ इनॉक पार्डोने विचारलं. ‘माझ्या लोखंडाला?’

‘तुझ्या लोखंडाला काय झालं? तू स्वतः काही कमी जुना दिसत नाहीस.’

नोआ हा स्टोक विस्टनमधल्या एकुलत्या एक पबचा मालक आणि चर्चच्या कारभारातला पंच. दोन्ही ठिकाणी तो सारख्याच मोठ्याने बोलायचा. तो इनॉकच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि विषय होता चर्चच्या आवाराच्या फाटकाचा. दोन झडपांचं ते फाटक, दीड पुरुष उंच. खाली सरळ गज, वर वेटोळी, वेटोळ्यांतून फुटलेली पानं. सगळं घडीव काम, ओतीव एक कण नाही. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्याच्या त्या टोकाला त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. आता १९४२ साल चालू होतं. लढाईला लोखंड हवं म्हणून सरकार गावोगावची कुंपणं आणि फाटकं उचलून नेत होतं. शाळेचे गज गेले होते, डॉक्टरांच्या बागेचं कुंपण गेलं होतं, आणि म्हाताऱ्या मिस प्रोबर्टच्या अंगणातली कोंबड्यांची जाळीसुद्धा कोणा उत्साही माणसाने गाडीत टाकली होती. सुटका फक्त जुन्या आणि नामी कामाला होती. जुनं म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर बसायच्या आधीचं, शंभर वर्षांपलीकडचं, आणि ते ठरवायला सरकारचा माणूस यायचा होता. इनॉकच्या फाटकाची डावी झडप होती १९१४ ची, उजवी १९१९ ची.

‘मला नाही जमणार,’ इनॉक म्हणाला.

‘तुला काही जमवायचंच नाहीये. बोलेन मी. तू फक्त तुझ्या बायकोकडे बघ आणि मग नाही म्हण.’

लेटी ओट्याशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण सुरी थांबली. इनॉकने नाही म्हटलं नाही.

गावात सगळ्यांना माहीत होतं ते असं. डावी झडप सायलसची. सायलस म्हणजे इनॉक आणि लेटीचा एकुलता मुलगा. जमीनदाराने फाटकाचं काम दिलं त्या हिवाळ्यात इनॉकला न्यूमोनिया झाला आणि तो चार महिने अंथरुणाला खिळला. एकोणीस वर्षांच्या सायलसने भाता, ऐरण, घण सगळं एकट्याने ओढलं आणि डावी झडप पुरी केली. उजवी बापलेक मिळून करणार होते. मध्येच ऑगस्ट उजाडला, लढाई लागली, पोरगा भरती झाला. सतरा साली बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात तो नाहीसा झाला. त्याच्या साहेबाचं पत्र आलं, छान अक्षरात. पुरायला मात्र काही सापडलं नाही. लढाई संपल्यावर इनॉकने डाव्या झडपेकडे बघत बघत उजवी घडवली आणि दोन्ही मिळून फाटक उभं केलं.

लेटीला मुलाचं थडगं नव्हतं. तिला ते फाटक होतं. डाव्या झडपेवर छातीच्या उंचीला एक पान होतं, बाहेरच्या अंगाला किंचित वळलेलं. चर्चला जाता-येता ती त्याच्यावर हात ठेवायची. रडायची नाही, पुटपुटायची नाही, नुसता हात ठेवून पाच-दहा श्वास उभी राहायची, आणि मागे लोक असले तर लोक थांबायचे. तेवीस वर्षांत त्या पानावर काळा रंग कधी टिकला नाही.

‘हे एक बरं झालं,’ फाटक तपासताना नोआ त्या पानावर अंगठा फिरवत म्हणाला. ‘हे बघ, कसं झिजलंय. लेटीने एकटीने दोनशे वर्षांचं काम करून ठेवलंय.’

बाकीचं काम इनॉकला करावं लागलं. मीठ आणि सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, आंबलेला गाळ कालवून त्याने तो फडक्याने गजांच्या बुडाला आणि कोपऱ्याकोपऱ्यांत चोपडला, तीन दिवस भिजत ठेवला, मग राख चोळली. गंज कसा चढतो आणि कुठे आधी चढतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आयुष्यभर तो गंजाशी भांडत आला होता. आता त्यालाच हाताला धरून आत आणताना त्याचा जीव तुटत होता. पण काम चोख झालं. नाव किंवा खूण कुठे नव्हतीच, कारण फाटकावर नाव घालणं म्हणजे आपल्याच तोंडाने आपली वाहवा, असं इनॉकचा बाप म्हणायचा आणि इनॉकही तेच धरून बसला होता. जमीनदाराचा वाडा सव्वीस साली जळला, त्यात कागदपत्रं गेली. खोटं पचण्यासारखं होतं.

पाद्री मिस्टर लेकन यांना खोटं बोलायची सोय नव्हती. ‘मंगळवारी दहा ते बारा मी मधमाश्यांच्या पेट्यांपाशी असेन,’ ते म्हणाले. ‘जाळीची टोपी घातली की मला काही ऐकू येत नाही.’

मंगळवारी सकाळी लेटीने इनॉकच्या गळ्यातला रुमाल सोडून परत बांधला. तो नीटच बांधलेला होता.

‘नीट ऐक,’ ती म्हणाली. ‘नोआ बोलेल. तुला काही विचारलं तर हो म्हण, नाहीतर नाही म्हण. जे सोयीचं असेल ते. कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.’

‘मी काय लहान पोर आहे?’

‘लहान पोर परवडलं. तुझ्याशी कोणी फाटकाबद्दल बोलायला लागलं की तू जेवायचं विसरतोस.’

‘तू चल ना बरोबर.’

‘मी आले तर माझं तोंडच सगळं सांगून टाकेल.’ तिने रुमालाची गाठ चाचपली. ‘इनॉक, मला तेवढं राहू दे. दुसरं मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.’

हे खरं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एकदा शिवणयंत्र मागितलं होतं, तेही पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल असं म्हणून.

सरकारने श्रूजबरीहून पाठवलेले मिस्टर हॅल्सी सडसडीत, सर्दीने बेजार झालेले, जुन्या इमारतींचे जाणकार होते. बसमधून उतरले तेव्हाच शिंकत होते. नोआने आधी त्यांना सायडर पाजायचा प्रयत्न केला, तो त्यांनी नाकारला. न पिणारा माणूस बारकाईने बघतो, असा नोआचा अनुभव होता.

‘आणि हे?’ हॅल्सींनी विचारलं.

‘हा आमचा लोहार, पार्डो. बिजागऱ्यांना तेलपाणी करतो. तुम्हाला काही सोडवून दाखवायचं झालं तर असावा म्हणून.’

इनॉकने टोपीला हात लावला.

हॅल्सी फाटकापुढे उभे राहिले. मग ते उजव्या झडपेजवळ गेले. चष्मा काढला, दुसरा लावला. एका वेटोळ्याच्या आतल्या टोकापासून बोट फिरवत निघाले ते थेट मुळापर्यंत, जिथे तीन दांडे एकात सांधलेले होते.

‘सांधा दिसतच नाही,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘तीन दांडे, एकदाच तापवून सांधलेले. बघा, बघा. मिस्टर गिटिन्स, आज हे करणारा माणूस या मुलखात तुम्हाला मिळणार नाही.’

‘नाहीच मिळणार,’ नोआ म्हणाला आणि इनॉककडे न बघता खोकला.

‘हा माणूस कोण होता कोण जाणे. कुठे नोंद नाही, नाव नाही. मेला, मातीत गेला, आणि हे मागे ठेवून गेला.’

इनॉकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण मेल्यावर लोक काय म्हणतील हे ऐकायची संधी फार थोड्यांना मिळते, आणि ऐकताना चेहरा सरळ ठेवणं सोपं नाही. तीन दांड्यांचा तो सांधा त्याला सहाव्या खेपेला साधला होता. पाच वेळा लोखंड जळून वाया गेलं होतं. हे सांगायला त्याची जीभ वळवळली. त्याने ती दातांत धरली. लेटीचं म्हणणं किती खरं होतं हे त्याला कळलं, आणि आपण गप्प राहू शकतो हेही कळलं. त्याला जरा हायसं वाटलं.

मग हॅल्सी डाव्या झडपेकडे वळले.

इथे त्यांना जास्त वेळ लागला. ते जवळ गेले, मागे आले, डोकं तिरकं केलं. पानांवरच्या शिरांवरून नख ओढलं. लेटीच्या पानापाशी थबकले, तळहाताने ते चाचपलं. इनॉकने दुसरीकडे पाहिलं.

‘हं,’ ते म्हणाले. ‘ही त्याची नव्हे.’

‘काय म्हणता!’ नोआ म्हणाला.

‘दोन्हींचा हात एक नाही. मूळची डावी झडप काही कारणाने गेली असणार. गाडी धडकली असेल, काही असेल. पुढे कोणीतरी उजवीवरून नक्कल केली. गावातलाच कोणी. कष्ट पुष्कळ घेतलेत बिचाऱ्याने, पण शिरा बघा. सगळे ठोके उलटे पडलेत. चुकीच्या बाजूला उभं राहून ठोकल्यासारखे.’ त्यांनी रुमालाने नाक पुसलं. ‘असो. नक्कलही जुनीच दिसते. एका झडपेसाठी फाटक तोडायला मी सांगणार नाही. दोन्ही राहू देत.’

त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर कागद ठेवला आणि लिहिलं. खाली सही केली. नोआने इतका मोठा श्वास सोडला की त्याच्या जाकिटाचं बटण ताणलं. झालं होतं. काम फत्ते झालं होतं. आता चहा द्यायचा, बसपर्यंत पोचवायचं आणि घरी जाऊन लेटीला सांगायचं, एवढंच उरलं होतं.

हॅल्सी माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर सही करून निघून गेले असते. पण इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कारागिराशी चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं.

‘लढाई संपली की ही डावी काढून टाका,’ ते इनॉकला म्हणाले. ‘अशा कामाला मदत करणारी मंडळी आहेत, मी पत्र देईन. चांगला लोहार बघून उजवीला शोभेल अशी नवी करून घ्या. तुम्हीही लोहार आहात, तुम्हाला तर माझ्याहून जास्त दिसत असेल. हा काही लोहाराचा हात नव्हे, काय?’

इनॉक डाव्या झडपेकडे बघत राहिला.

‘पार्डो,’ नोआ म्हणाला, ‘साहेब विचारतायत.’ आणि त्याने आपला बूट इनॉकच्या बुटावर ठेवला.

एक शब्द हवा होता. हो. तो शब्द इनॉकने आयुष्यात लाख वेळा उच्चारला असेल. घोड्याचा नाल बसला का, हो. पाऊस येईल का, हो. त्याने तोंड उघडलं. आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती न्यूमोनियातली सकाळ आली, लेटीने त्याला खांद्याला धरून खिडकीशी उभं केलं होतं ती. अंगणापलीकडच्या लोहारशाळेचं दार उघडं होतं, आणि आत पोरगा ऐरणीच्या भलत्याच बाजूला उभा राहून, हातोडा डाव्या हातात घेऊन, शिशाच्या ठोकळ्यावर पान ठोकत होता. त्या डाव्या हातावर इनॉकने त्याला लहानपणी किती मारलं होतं. हात बांधून ठेवला होता. आणि त्या सकाळी खिडकीतून पाहताना त्याला कळलं होतं की पोराचा हात आपल्यापेक्षा हलका आहे. हे त्याने सायलसला कधी सांगितलं नाही. उजवी झडप झाल्यावर सांगू, म्हणून ठेवलं होतं.

‘लोहाराचाच हात आहे, साहेब,’ इनॉक म्हणाला.

‘काय?’

‘डावखुरा लोहार होता. म्हणून ठोके उलटे दिसतात तुम्हाला. तो ऐरणीच्या पलीकडच्या अंगाला उभा राहायचा. चुकीच्या नव्हे. त्याच्या.’

‘तुम्हाला कसं ठाऊक?’

‘माझा मुलगा,’ इनॉक म्हणाला.

चर्चमागच्या झाडीत मधमाश्यांच्या पेट्यांपाशी काहीतरी खडबडलं. नोआने चटकन पुढे येऊन हॅल्सींच्या कोपराला धरलं.

‘साहेब, वय झालंय त्याचं. मुलगा गेला मागच्या लढाईत, तेव्हापासून जरा असं होतं. अर्ध्या श्रॉपशरची फाटकं आपल्या पोराने केली म्हणून सांगतो तो. ल्युडलोच्या किल्ल्याचा दरवाजासुद्धा. चला, चहा तयार आहे.’

हॅल्सींनी इनॉककडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून कागद होता, त्यावरची शाई वाळायची होती. ‘तसं आहे का, पार्डो?’ त्यांनी हळूच विचारलं, आणि त्या आवाजावरून इनॉकला समजलं की हा माणूस आपल्याला दार उघडून देतोय. ‘कधी कधी होतो घोटाळा. माझ्या वडिलांचंही होत असे. तसंच असेल, नाही?’

पुन्हा तोच शब्द. पहिल्या वेळी तोंडून निसटलं असं तरी म्हणता आलं असतं. या वेळी इनॉकने विचार केला. त्याने लेटीचा विचार केला, रुमालाच्या गाठीवरच्या तिच्या बोटांचा केला. आणि तरीही म्हणाला, ‘नाही, साहेब.’ मग त्याला थांबता येईना. ‘तुम्ही उलटं धरलंत. मूळ डावी आहे. चौदा सालची. नक्कल आहे ती उजवी, ती मी केली, एकोणीस साली. डावीवरून. तीन दांड्यांचा तो सांधा तुम्ही बघितलात ना, तो मला सहाव्या खेपेला जमला. त्याला पहिल्यालाच. इथे, खाली बघा, ही पट्टी. इथे एक सांधा त्याचा सुटला होता, लोखंडात माती होती. तर त्याने वरून पट्टी गुंडाळली. आणि वाईट दिसू नये म्हणून तशीच पट्टी प्रत्येक दांड्याला गुंडाळली. आता ती शोभेची वाटते. एकोणीस वर्षांचा होता. मी आजारी. त्याला विचारायला कोणी नव्हतं.’

नोआ पायरीवर बसला आणि त्याने टोपी तोंडावर ओढली.

हॅल्सी वाकून बघत होते. पट्टी बघितली, मग शिरा. डाव्या हातात नसलेला हातोडा धरल्यासारखी मूठ केली आणि हवेत एक-दोनदा हलवली. मग ते ताठ झाले आणि त्यांनी टोपी काढली.

‘मी चुकलो,’ ते म्हणाले. ‘हा लोहाराचा हात आहे. चांगलं काम आहे.’

‘होय, साहेब.’

‘तुम्ही मला सांगायला नको होतं.’

‘तुम्ही विचारायला नको होतं.’

‘हो,’ हॅल्सी म्हणाले. त्यांनी परत पिशवीवर कागद ठेवला. लिहिलेल्यावर रेघ मारली आणि खाली दुसरं लिहिलं. चहाला ते थांबले नाहीत. बसला तासभर अवकाश होता, तरी रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

लेटी दारातच होती.

‘राहिलं?’

‘नाही.’

त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की ती कुठेतरी मध्ये थांबवेल आणि म्हणेल, बरं केलंस, कसा बोलला तो माझ्या पोराच्या कामाबद्दल. तिने थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा तिने किटली चुलीवरून उतरवून बाजूला ठेवली.

‘हो म्हणायचं होतंस.’

‘माझ्या तोंडून निघेना, लेटी. पोराचं काम होतं. लोहाराचा हात नव्हे म्हणाला. काढून टाका म्हणाला.’

‘म्हणू दे ना. म्हणून सायलसचं काय वाकडं होणार होतं?’ तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. ‘त्याला ऐकू येत नाही, इनॉक. तो नाहीये. त्याच्या कामाला कोणी चांगलं म्हटलं काय, वाईट म्हटलं काय, त्याला आता काही फरक पडत नाही. मला पडतो. मी आहे.’

‘मी विचार केला होता तुझा. देवाशपथ केला होता.’

‘आणि?’

इनॉकने गळ्यातल्या रुमालाची गाठ सोडली.

‘तुझी लोहारशाळा आहे,’ ती म्हणाली. ‘त्याची ऐरण आहे तिथे, त्याचा हातोडा आहे, त्याचा चामडी एप्रन खुंटीला आहे. तू रोज तिथे जातोस. मी तिथे पाऊल टाकत नाही, मला कोळशाने खोकला येतो. मला हात ठेवायला एक जागा होती. एवढी.’ तिने पंजा उघडून दाखवला. ‘तू कामाची अब्रू राखलीस.’

मग ती परसात गेली आणि अंधार पडेपर्यंत कोबीच्या वाफ्यातलं तण काढत बसली.

नऊ दिवस ती कामापुरतं बोलली. पाव घेतोस का. दार ओढून घे. गावातही कोणी इनॉकशी धड बोलेना. नोआने त्याचा बिअरचा ग्लास भरून दिला, पण पुढे सरकवताना नेहमीसारखी टिंगल केली नाही. इनॉकला शिव्या चालल्या असत्या. त्याने लोहारशाळेत जाऊन भट्टी पेटवली आणि काही न तापवता विझू दिली, असं दोनदा झालं. रविवारी लेटी चर्चला गेली नाही. जे जाणारच आहे त्याच्यावर हात कशाला ठेवू, असं ती पाद्र्यांच्या बायकोला म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं.

दहाव्या दिवशी सकाळी लॉरी आली. बरोबर दोन माणसं आणि गॅसची बत्ती, लोखंड जागच्या जागी कापायची.

‘जाळायचं नाही,’ इनॉक म्हणाला. ‘मी उतरवतो.’

‘आजोबा, आम्हाला आणखी चार गावं करायची आहेत.’

‘मी बसवलंय ते. तुम्हाला कापायला जेवढा वेळ लागेल त्याच्या आत उतरवून देतो. तोवर चहा प्या.’

ड्रायव्हर वेल्सकडचा होता. त्याने फाटक खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग इनॉकला पाहिलं, आणि बत्ती परत लॉरीत ठेवली. इनॉकने बिजागऱ्यांत तेल सोडलं, पहारेखाली पाचर सारली आणि आधी उजवी झडप उचलली. ती जड होती, त्याच्या हातासारखी. डावी मात्र पहार लावताच अलगद वर आली. दोन माणसांनी ती धरून आडवी केली आणि लॉरीतल्या कुणाच्या तरी खाटेच्या लोखंडावर ठेवली. ठेवताना त्यांनी आपटली नाही, हे इनॉकने पाहिलं आणि त्याला त्यांचे आभार मानायचे होते, पण लॉरी सुरू झाली.

लॉरी वळणाआड गेल्यावर त्याने मागे पाहिलं तर लेटी रस्त्यापलीकडे उभी होती. एप्रनवरच आली होती. केव्हा आली, त्याला कळलं नव्हतं. दोन दगडी खांबांच्या मधून चर्चचं दार थेट दिसत होतं. इतकं सरळ ते पूर्वी कधी दिसलं नव्हतं. ती येऊन खांबाच्या पायथ्याशी दगडावर बसली. थोड्या वेळाने इनॉकही बसला, मध्ये जागा ठेवून.

‘तू सांगितल्यावर तो काय म्हणाला?’ तिने विचारलं. ‘अगदी शेवटी.’

‘म्हणाला, चांगलं काम आहे.’

‘असंच म्हणाला?’

‘आधी नीट बघितलं त्याने. वाकून. मग टोपी काढली. म्हणाला, मी चुकलो. हा लोहाराचा हात आहे. चांगलं काम आहे.’

‘परत सांग.’

त्याने परत सांगितलं. टोपी काढल्याचंही.

‘शिकलेला माणूस होता?’

‘चांगला शिकलेला. त्याला सगळं कळत होतं. सांधे, शिरा, सगळं. असे लोक आता थोडे आहेत.’

 वाऱ्याने आवारातलं गवत हलत होतं, आणि फाटक नाही म्हणून मिस प्रोबर्टची मेंढी बिनदिक्कत आत शिरून एका थडग्यावरचं चरत होती. दोघांपैकी कोणीही तिला हाकललं नाही.

‘म्हणजे गावाबाहेरच्या एका माणसाला तरी ठाऊक आहे,’ लेटी म्हणाली.

‘आहे.’

‘मोठ्या माणसाला.’

‘हो.’

तिने हात उचलला. तो मध्येच थांबला, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा, आणि मग इनॉकच्या बाहीवर येऊन टेकला. तिने तो काढला नाही. इनॉकने हालचाल केली नाही, श्वासही बेताने घेतला.

‘आणि नाव?’ लेटी म्हणाली. ‘त्याला नाव सांगितलंस ना?’

इनॉकने आठवून पाहिलं. डावा हात सांगितला होता. साल सांगितलं होतं, वय सांगितलं होतं. सुटलेला सांधा, पट्टी, लोखंडातली माती, स्वतःची सहा खेपांची फजिती, सगळं सांगितलं होतं. माझा मुलगा म्हणाला होता. नाव हॅल्सींनी विचारलं नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं.

लेटी त्याच्याकडे बघत होती.

‘हो,’ इनॉक म्हणाला. ‘सायलस पार्डो. त्याने लिहून घेतलं.’